गाणी गिळलेला डोंगर

"हे बघ मधू, बुवांना आजच्या आज विचार आणि संध्याकाळी मला सांग. हो की नाही तेवढंच. 'बघू' नको," देवळाच्या पायरीवर बसून नारळ सोलता सोलता बाळा शेट्ये म्हणाला. तो उत्सवाचा चिटणीस. "वर्षभर मी 'बघू'च ऐकतोय. उद्या दुपारी कीर्तनाला कुणीतरी उभं राहायला हवं. नसेल जमत तर चिपळूणच्या बुवांना फोन लावतो."

"अण्णांच्या कीर्तनाशिवाय माघातला उत्सव झालाय का कधी?"

"झाला नाही म्हणूनच थांबलोय ना मी! पण समज, उभे राहिले आणि पुन्हा तसंच झालं, तर?" त्यानं कोयता खाली ठेवला. "बुवांची फजिती मला नाही बघवत रे. गेल्या वर्षी मी उठून सभामंडपाच्या मागे जाऊन उभा राहिलो होतो."

मला उठून जायची सोय नव्हती. मी पेटीवर होतो.

अण्णा म्हणजे माझे सख्खे काका, अनंतबुवा लोवलेकर. देवरूखच्या आसपास तेव्हा कीर्तन म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. मी गाणारा नव्हे, वाजवणाराही बेताचाच. मी खरा ऐकणारा. लहानपणी जेवण सोडून कीर्तन ऐकायला पळायचो, म्हणून अण्णांनीच मला पेटी शिकवून आपल्या डाव्या हाताला बसवलं. "ऐकायचंच आहे तर जवळून ऐक," म्हणाले.

त्यांचं हातखंडा आख्यान होतं आंधळ्या माळ्याचं. त्यांच्या वडिलांनी रचलेलं, दुसरं कुणी ते करत नसे. आंधळा माळी देवासाठी हार करतो, राजाचे पुजारी तो नदीत भिरकावतात, आणि हार प्रवाहाच्या उलट चालू लागतो. गेल्या माघात अण्णा तिथवर आले. "हार उलटा निघाला," म्हणाले, आणि थांबले. मी सूर धरून ठेवला. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा. नंतर माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत काहीच नव्हतं. अखेर त्यांनी तसेच हात जोडले, आरती घ्यायला सांगितली, आणि घरी येऊन चिपळ्या एका धुवट फडक्यात बांधून देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवून दिल्या. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण अण्णा घाबरले होते. मला भीती वेगळीच वाटायची: या वर्षी राहिलं, तर ते फडकं पुन्हा सुटायचं नाही.

हा विचार डोक्यात घेऊनच मी बाजारात सुर्व्यांच्या कॅसेटच्या दुकानात शिरलो. घरी माझी सई कांजिण्यांनी अंथरुणात होती. वय वर्षं सात, अंगभर फोड, आणि खाजवायचं नाही म्हणून हातात मोजे घातलेले. तिची आई शाळेत, मी रजेवर. सकाळपासून तिनं मला पुरतं हैराण केलं होतं.

"लहान मुलांचं काही आहे का हो?"

"दुकानच बंद करतोय मी. जे आहे ते त्या खोक्यात," सुर्वे म्हणाले. "सगळी चांगली चांगली गेली, भाऊ. आता उरलंय ते कुणीच नेत नाही ते."

खोक्याच्या तळाशी एक सीडींची जोडी होती. उन्हानं चित्र विटलेलं: एक काळा डोंगर, त्याचं तोंड उघडं, आणि समोर तांबड्या टोपीतली एवढीशी मुलगी. नाव, 'गाणी गिळणारा डोंगर'. कुठल्यातरी थंड देशातला सिनेमा, मराठीत आवाज भरलेला.

"हा कसा आहे?"

"देव जाणे. कुणी नेलाच नाही. तुम्ही न्या, परत आणू नका म्हणजे झालं."

घरी आलो तर आमच्या पडवीत मैफल भरलेली. अण्णांचं घर आणि आमचं घर एकाच छपराखाली, मधे फक्त पडवी. काकू शेवंतीची परडी पुढ्यात घेऊन देवाचा हार ओवत होती. अण्णा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. सई दारात उभी राहून त्यांच्याशी हुज्जत घालत होती.

"आजोबा, तुम्ही कीर्तनात सांगता ती गोष्ट मला सांगा ना."

"आता नाही सांगत मी गोष्टी."

"का पण?"

"संपल्या."

"गोष्टी कधी संपतात का? आजी, हे बघ ना कसे करतात!"

काकूनं माझ्याकडे बघितलं. बाळानं काय निरोप दिला असेल ते तिला न सांगता कळलं होतं. मी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो. "अण्णा, बाळा विचारत होता..."

"माहीत्येय. त्याला म्हणावं चिपळूणचे बुवा चांगले आहेत. आवाज मोकळा आहे त्यांचा." वर्तमानपत्र खाली आलं नाही.

बोलणं तिथंच मिटलं. मी सईचं अंथरूण पडवीत घातलं, टीव्ही ओढून आणला आणि पहिली सीडी लावली.

"आता ते उंदीर-मांजर एकमेकांना हाणणार," पत्रामागून आवाज आला. "चला, आमची झोप गेली."

उंदीर-मांजर काही आलं नाही. आधी नुसता बर्फ पडत होता. हातानं रंगवलेला बर्फ, प्रत्येक कण वेगळा. मग एक गाव दिसलं. तिथे कुणी गात नव्हतं. बाई पाळणा हलवत होती पण तोंड मिटलेलं. लोहार घण मारत होता पण ताल नव्हता. चर्र चर्र करत बैलगाडी गेली, तेवढाच आवाज. मग निवेदक म्हणाला की या गावची सगळी गाणी एका रात्रीत समोरच्या डोंगरानं गिळली. माझे हात कोपऱ्यातल्या पेटीची धूळ पुसत होते, ते आपोआप थांबले.

मी चाळिशीचा माणूस, पंचायत समितीत नोकरी करणारा. लहान मुलांचा सिनेमा म्हणजे पोरांना गुंतवायची सोय, एवढीच माझी समजूत होती. पण या सिनेमात कुणी घाई करत नव्हतं. नीली नावाची मुकी मुलगी डोंगराकडे निघते. तिच्याबरोबर एक घुबड, पंख मोडलेलं, म्हणून चालत निघालेलं, हातात काठी. चालणारं घुबड! त्याची ती लहानशी काठी बर्फात रुतायची, ते ओढून काढायचं, आणि तेवढ्या वेळ नीली थांबून राहायची. ते थांबणंसुद्धा चित्रवाल्यानं रंगवलं होतं. दुसऱ्या कुणी ते कापून टाकलं असतं.

आवाज भरणाऱ्यांनी मात्र काटकसर केली होती. घुबड, लोहार, गावचा पाटील, वाटेत भेटलेला बोकड, सगळ्यांना एकाच माणसाचा आवाज.

"हा बोकड आणि पाटील भाऊ भाऊ आहेत का गं?" काकूनं विचारलं.

"आजी, गप्प बस ना!"

"तसं नाही गं, आवाज सारखाच येतो म्हणून म्हटलं."

वर्तमानपत्र एव्हाना गुडघ्यावर आलं होतं. अण्णा म्हणाले, "आवाज एकच असला म्हणून बिघडत नाही. मीही राजा आणि माळी एकाच आवाजात करायचो. बोलण्याची लय बदलली की माणूस बदलतो. हा मनुष्य लय बरी धरतोय."

नीली आणि घुबड एका गोठलेल्या धबधब्यापाशी आली. धबधब्याच्या आत एक ओळ अडकली होती, कुण्या आजीची अंगाईची ओळ, बर्फात मधमाशी अडकावी तशी. नीलीनं बर्फाला गाल लावला. सईनं नकळत मोजा घातलेला हात आपल्या गालाला लावला. मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी खुर्ची टीव्हीकडे पूर्ण वळवली होती आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर अगदी हलकी आपटत होती.

शेवटी डोंगर आला. उघडं तोंड, आत काळोख, आणि काळोखात लुकलुकणारं काहीतरी. डोंगराचा आवाज त्याच माणसाचा, फक्त हंड्यात तोंड घालून काढलेला. तो म्हणाला, इथं जो येतो तो गाणी मागायला येतो. तू काय मागतेस, ते बोल. घुबड घाबरून नीलीकडे बघतं. ती मुकी. डोंगर पुन्हा म्हणतो, बोल. नीली एक पाऊल पुढे टाकते.

आणि पडद्यावर अक्षरं आली: कृपया दुसरी सीडी लावा.

"लाव, लाव बाबा लवकर!" सई किंचाळली.

"थांब. पूर्वरंग झाला, आता मध्यंतर," काकू म्हणाली आणि खरोखरच देव्हाऱ्यातून बुक्क्याची डबी घेऊन आली. कीर्तनात पूर्वरंगानंतर नामगजर होतो, बुवांना हार घालतात, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावतात, आणि मग उत्तररंग, म्हणजे गोष्ट, सुरू होते. जन्मभर कीर्तनकाराच्या घरात राहिलेल्या बाईला सीडी बदलण्याचा वेळ म्हणजे तेच वाटलं. तिनं सईच्या फोडांच्या मधली मोकळी जागा शोधून टिकली लावली, मला लावली, अण्णांना लावली. टीव्हीलाही बोट लावणार होती, मी "शॉक बसेल" म्हणून थांबवलं.

मी दुसरी सीडी लावली. सनई वाजू लागली.

"हे काय?" सई म्हणाली.

मांडव दिसला. फेटे बांधलेली माणसं दिसली. एक जाड नवरदेव घोड्यावर चढायचा प्रयत्न करत होता आणि दोघं त्याला खालून ढकलत होते. कुणाच्यातरी लग्नाचं शूटिंग होतं. सुर्व्यांच्या दुकानात डब्यांची अदलाबदल झाली होती. मी पुढे पळवून बघितलं. अक्षता, जेवणं, पाठवणी. डोंगराचा पत्ता नाही. धावत दुकानात गेलो, तर फळ्या लागलेल्या.

परत आलो तेव्हा सई रडत होती. ताप आणि खाज आणि त्यात हे. असली पोरं रडायला लागली की थांबत नाहीत, उचक्या लागतात. "नीलीचं काय झालं? सांगा ना नीलीचं काय झालं?"

"उद्या दुसरा सिनेमा आणतो."

"मला दुसरा नको! नीली तिथंच उभी आहे ना बाबा. तिला तसंच ठेवायचं का?"

आणि काकू उठली. ओवून झालेला शेवंतीचा हार तिनं परडीतून उचलला, आणि देव्हाऱ्याकडे जायच्या ऐवजी अण्णांसमोर येऊन त्यांच्या गळ्यात घातला.

अण्णा ताडकन उभे राहिले. "अगं, हे काय! हा देवाचा हार..."

"मध्यंतर झालंय. बुक्का लागलाय. आता हार पडला," काकू शांतपणे म्हणाली. "नेम तुमच्याच घराण्यातला. हार पडला की आख्यान पुरं होईपर्यंत बुवानं बसायचं नाही. गेल्या वर्षी मोडलात, मी काही बोलले नाही. आज मोडू देणार नाही."

"मला काय ठाऊक पुढं काय होतं? मी बघितलंय का?"

"कुणीच बघितलेलं नाही. मग तुम्ही विसराल कसे?"

अण्णांनी हाराला हात लावला, पण काढला नाही. त्यांच्या अंगात घरचा सदरा, खाली पंचा, कपाळाला बुक्का आणि गळ्यात तो टपोरा हार. मला हसू यायला हवं होतं, पण माझा हात पेटीच्या भात्यावर गेला होता. मी काळी चार धरली. तो त्यांचा सूर.

सईच्या उचक्या थांबल्या. ती पांघरुणातून तोंड बाहेर काढून बसली.

अण्णांनी घसा साफ केला. "तर..." म्हणाले. आवाज वर्षभर न वापरलेल्या दारासारखा करकरला. "तर... नीलीनं पाऊल पुढं टाकलं. डोंगर म्हणाला, बोल. वारा थांबला. झाडावरचा बर्फ खाली पडायचा थांबला. घुबडानं काठी घट्ट धरली. घुबड म्हणतं, पोरी, माझे पाय थरथरतायत का जमीन थरथरत्येय?"

सई हसली. अण्णांना ते हसूच हवं होतं. त्यांचे हात सुटले. डोंगर मोठा झाला, दरी खोल झाली, आमची पडवी कुठंतरी मागे राहिली. डोंगराच्या पोटात कुणाकुणाची गाणी आहेत ते त्यांनी एकेक करून दाखवलं. मधेच एक तान घेतली, ती काही जमली नाही, पण त्यांनी तिच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. मग ते एका गुडघ्यावर झुकले, नीली झाले, आणि म्हणाले, "आणि मग ती चिमुरडी त्या अजस्र डोंगरापुढं छाती काढून म्हणते, हे डोंगरा..."

"पण ती मुकी आहे ना, आजोबा."

अण्णा थांबले.

मी सूर धरून ठेवला. गेल्या माघातली ती शांतता जशीच्या तशी पडवीत येऊन बसली. त्यांची नजर माझ्याकडे वळली. काकूचा हात परडीच्या कडेवर घट्ट आवळलेला मला दिसत होता. मनात म्हटलं, देवा, आता नको. पोरीसमोर नको.

"मुकी आहे," अण्णा हळूच म्हणाले. "खरंच की. मी विसरलो." आणि मग, मी त्यांना कधी बघितलं नव्हतं तसे ते सईच्या अंथरुणाकडे वळले. "मग गं? आता कसं करायचं? डोंगर तर म्हणतोय, बोल. हिला बोलता येत नाही."

सईनं मोजे घातलेले हात हनुवटीखाली घेतले. विचार केला. "बोलता येत नाही. पण ऐकू येतं ना तिला."

"हं?"

"धबधब्यापाशी तिनं ऐकलं होतं. गाल लावून."

अण्णांचा चेहरा बघता बघता उजळला. मला वाटतं माणसाला अंधारात कडी सापडते तेव्हा असा चेहरा होत असेल. ते सरळ उभे राहिले आणि टाळी दिली, मोठी, खणखणीत.

"वा! ऐकलंस मध्या? अरे, त्या डोंगराकडे आजवर जो आला तो मागायला आला. माझं गाणं दे, माझ्या आजीचं दे, माझ्या बापाचं दे. कुणी तलवार घेऊन आला, कुणी सोनं घेऊन आला. ऐकायला कोण आलं? कुणी नाही! एवढी गाणी पोटात घेऊन तो बिचारा हजार वर्षं एकटा बसलाय. आणि ही एवढीशी पोर येते, काही मागत नाही, त्याच्या दगडी ओठाला आपला गाल लावते आणि बसते. नुसती बसते. घुबडही बसतं. भक्तीच्या नऊ पायऱ्या, बाळ, त्यात ऐकणं पहिलं का ठेवलंय? ऐकणारा समोर बसला की गाणाऱ्याला राहवत नाही! डोंगराच्या पोटात कळ उठली. एक अंगाई बाहेर आली. कुणाची?"

"त्या आजीची!"

"त्या आजीची! मग लोहाराची. मग नावाड्याची. डोंगर गातोय, नीली ऐकत्येय, आणि बाहेर आलेलं गाणं काही परत आत जात नाही, ते वाऱ्यावर बसून आपापल्या घरी जातं. पहाटेपर्यंत डोंगर रिता झाला. हलका झाला. एवढा हलका की पहिल्यांदा त्याला आपल्या पाठीवरचं गवत जाणवलं."

आणि त्यांनी नामगजर धरला. काकू मागे उभी राहून टाळ्या देत होती. सई अंथरुणात उभी. मला पेटीच्या पट्ट्या नीट दिसत नव्हत्या, पण बोटं बरोबर पडत होती.

संध्याकाळी बाळा शेट्ये उत्तर न्यायला आला तेव्हा अण्णा अंगणात तुळशीला पाणी घालत होते. हार अजून गळ्यात होता. बाळा फाटकातच थबकला.

"बुवा, हा हार कसला?"

"उद्या मांडवात दुपारी पाणी मारून घे," अण्णा तांब्या उपडा करत म्हणाले. "गेल्या वेळी धूळ फार होती. घशात जाते."

बाळानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

तो सिनेमा मला पुढं बऱ्याच वर्षांनी इंटरनेटवर पूर्ण सापडला, मूळ भाषेत. तो काढणारा माणूसही त्याच्या देशात कुणाला फारसा ठाऊक नव्हता म्हणे. एकाच खोलीत बसून त्यानं बरीच वर्षं तो रंगवला, आणि थेटरात तो आठवडाही टिकला नाही. मी कार्यालयातून आल्यावर एकटाच बसून बघितला. त्याच्या शेवटात नीली डोंगराला आपली तांबडी टोपी देते आणि गाणी पाखरं होऊन उडतात. फार सुंदर आहे. ती पाखरं बघून मी डोळे पुसले. तरी सबंध वेळ मला घुबडाच्या तोंडी अण्णांची वाक्यं ऐकू येत होती, आणि ती त्याला शोभतही होती.

पण उत्सवाचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मांडव भरून वाहत होता. काहीजण कीर्तन ऐकायला आले होते, काहीजण बुवा अडतात का ते बघायला. गावात दोन्ही प्रकारची माणसं असतात आणि दोन्ही देवाचीच. काकूनं सकाळी फडकं सोडून चिपळ्या काढून दिल्या होत्या. पूर्वरंग झाला. बुक्का झाला, हार पडला. अण्णांनी आंधळ्या माळ्याचंच आख्यान घेतलं. मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, दुसरं घ्या. "तो तिकडे नदीकाठी वर्षभर उभा आहे," म्हणाले, "त्याला आधी घरी पोचवतो."

माळ्यानं हार ओवला. पुजाऱ्यांनी भिरकावला. नदी आली.

"हार उलटा निघाला," अण्णा म्हणाले.

आणि थांबले.

मी डोळे मिटून घेतले. सूर तेवढा सोडला नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. बाळा शेट्ये उठायच्या बेतात आहे हे मला न बघता कळलं.

"हार उलटा निघाला, मंडळी," अण्णांचा आवाज आला, अगदी साधा, बोलण्यातला. "आणि पुढचं मला आठवत नाही. तुम्ही माझ्या वडिलांपासून ऐकताय. सांगा बघू, पुढं काय झालं?"

कीर्तनात श्रोत्यांनी नामगजराखेरीज तोंड उघडायचं नसतं. मांडव गोंधळला. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग बायकांच्या बाजूनं, पार मागून, मुळ्यांच्या म्हाताऱ्या सासूबाईंचा चिरका आवाज आला. "राणी येते हो बुवा! घाटावर! दिवा घेऊन!"

"राणी कुठली?" पुरुषांकडून धोंडू गुरव गरजला. "आधी नावाडी येतो! त्याच्या वल्ह्याला हार अडकतो!"

"तुला काय ठाऊक रे! तू खांबाला टेकून घोरत असायचास!"

"घोरत असलो तरी ऐकत होतो!"

मांडव हसला. एकदम चार-पाचजण बोलू लागले. कुणी म्हणे राणी, कुणी म्हणे नावाडी, एक बाई म्हणाली तो हार तर थेट देवळाच्या पायरीला लागतो, मी स्वतः ऐकलंय. बाळा शेट्ये उठलाच होता, तो उभ्या उभ्या ओरडला, "नावाडीच! नावाडी म्हणतो, बाई, हा हार कुणाचा!" आणि अण्णा मधोमध उभे राहून हसत होते, पोट धरून, हार हलेपर्यंत.

"थांबा, थांबा! मारामारी नको. आठवलं!" त्यांनी चिपळ्या वर केल्या. "नावाडी म्हणतो, बाई, हा हार कुणाचा. आणि ती बाई म्हणजेच राणी! सासूबाई, तुम्हीही बरोबर. धोंडू, तू जागा राहा म्हणजे झालं."

आणि ते सुटले. तसं कीर्तन मी त्यांच्या ऐन उमेदीतही ऐकलं नव्हतं. माळी घरी पोचला तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं डोळ्यांना उपरणं लावत होती.

आरती झाली, लोक पाया पडून गेले. आम्ही घरी परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सई खिडकीच्या गजाला नाक लावून बसली होती. तिला कुणी उत्सवात जाऊ दिलं नव्हतं, त्याचा राग तोंडावर स्पष्ट होता.

"आजोबा, विसरलात का?"

"विसरलो की."

"मग?"

"मग काय! सगळं देऊळ बोलायला लागलं. कुणाला आवरेना."

सईनं जरा वेळ हिशेब केला. "मला पण ओरडायचं होतं."

"फोड वाळू देत तुझे. पुढच्या वर्षी तुला पहिल्या रांगेत बसवतो. मी अडकलो की तू ओरडायचं."

"आणि नाही अडकलात तर?"

अण्णांनी खिडकीशी वाकून तिच्या नाकाला बोट लावलं.

"तर मुद्दाम अडकेन."